उडतं विमान घ्यावं : प्रस्तावना

एक इंजिनाच्या जुन्या विमानांच्या जाहिराती पहिल्यांदाच चाळणारा माणूस सालांपाशी अडखळतो. १९६८, १९७४, १९७६, १९७९. फोटो, रंग, किंमत हे सगळं नंतर. आपल्या वयाचं किंवा आपल्याहून थोरलं यंत्र, घरच्यांना मागे बसवून चार हजार फुटांवर न्यायचं, आणि मालक त्याचेही भरभक्कम पैसे मागतोय! आमच्या मुखेडात चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो, "एवढं जुनं कशाला? नवंच घ्या की." या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं पाहिजे. ते समजलं की पुढची निम्मी निवड सोपी होते.

नव्या विमानाची किंमत हौशी वैमानिकाला झेपत नाही, हे तर आहेच. पण मधली कित्येक वर्षं नवी विमानं फारशी तयारच होत नव्हती. अमेरिकेतल्या कारखान्यांतून १९७८ साली सुमारे १७,८०० छोटी विमानं बाहेर पडली. तो या धंद्याचा कळस. त्यानंतर मंदी आली आणि इंधन महागलं. शिवाय वीस-तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानाला अपघात झाला तरी कारखानदारावर नुकसानभरपाईचे दावे लागत होते. विम्याचे हप्ते विमानाच्या किमतीत मिळवता मिळवता किंमतच गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेली. सेसना कंपनीने १९८६ मध्ये आपलं सर्वाधिक खपाचं १७२ हे विमान बनवणं थांबवलं. १९९४ साली अमेरिकेत कायदा झाला आणि अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानांसाठी कारखानदाराची जबाबदारी बहुतांशी संपली. मग १९९६ मध्ये १७२ पुन्हा सुरू झालं. १९५६ पासून आजवर या एका प्रकाराची ४४,००० हून जास्त विमानं बनली आहेत आणि त्यांतला मोठा हिस्सा १९८६ च्या आधीचा आहे. तेव्हा बाजारात जे आहे ते जुनंच आहे. निवड करायची ती जुन्यातूनच.

आता जुनं म्हणजे काय, हे ठरवायला हवं. सालावरून विमानाचं वय मोजणारा फसतो. विमानाच्या इंजिनाचे तास वेगळे, प्रोपेलरचे वेगळे, सांगाड्याचे वेगळे. मॅग्नेटो, व्हॅक्यूम पंप, रबरी नळ्या, प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. १९७५ च्या विमानात गेल्या वर्षी ओव्हरहॉल झालेलं, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधलेलं इंजिन असू शकतं आणि २००५ च्या विमानात जागचं न हललेलं, आतून गंजलेलं. या पुस्तकाचं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते असं: उडून झिजलेलं विमान परवडतं, उभं राहून कुजलेलं परवडत नाही. बाकीची प्रकरणं म्हणजे या दोन विमानांतला फरक ओळखायचा कसा, याचाच विस्तार आहे.

हे पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून लिहिलं आहे. पहिला वाचक इथलाच. नांदेड, लातूर, संभाजीनगर, सोलापूर अशा एखाद्या शहरातला डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक किंवा कारखानदार. त्याने हौसेने खासगी वैमानिकाचा परवाना काढला आहे किंवा तो काढायच्या बेतात आहे. भारतात त्यासाठी वय सतरा पूर्ण, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. या परवान्यावर भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही, म्हणजे विमान हा कमाईचा मार्ग नव्हे, खर्चाचाच. दुसरा वाचक टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सीकडे नोकरीला असलेला आपला माणूस. तिथे गावोगावी छोटे विमानतळ आहेत, पेट्रोलपंपासारखा स्वतः भरायचा इंधनाचा पंप आहे आणि शनिवारी सकाळी मनात आलं की उडता येतं. त्याला विमान मिळणं सोपं, पण एक गोष्ट त्याने आधी जाणून घ्यावी. अमेरिकेत विमानाची नोंदणी स्वतःच्या नावावर करायला नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. एच-वन व्हिसावरच्या माणसाकडे पैसे असले, परवाना असला, तरी विमान त्याच्या नावावर चढत नाही. ट्रस्टचा वळसा घ्यावा लागतो आणि त्याचा वार्षिक खर्च वेगळा. सौदा ठरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

महाराष्ट्राला या हौसेचं वावडं कधीच नव्हतं. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे.आर.डी. टाटांनी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. नागपूरचा फ्लाइंग क्लब स्वातंत्र्याच्या काळातला. आपल्या काळात कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. ज्याच्यात तेवढी चिकाटी आहे त्याने जरूर विमान बांधावं. हे पुस्तक मात्र बांधणाऱ्यांसाठी नाही. दुसऱ्याने बांधलेलं, तिसऱ्याने वापरलेलं विमान डोळसपणे विकत घेणाऱ्यांसाठी आहे.

पहिलं प्रकरण विमानाबद्दल नाहीच. ते उड्डाणाबद्दल आहे. "कुठलं विमान घेऊ?" असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, कुठे जाणार? किती जण? वर्षाच्या कोणत्या महिन्यात? बहुतेकांच्या डोक्यात वर्षातून एकदा घडणारी सफर असते. चौघं, सामान, गोव्याचा किनारा. प्रत्यक्षात उड्डाणं होतात ती एकट्याची किंवा दोघांची, तास-दीड तासाची. नांदेडहून पुणं सरळ रेषेत साधारण ३६० किलोमीटर. ताशी २०० किलोमीटरने जाणारं १७२ हे अंतर दोन तासांच्या आत कापतं. पण मुखेडहून नांदेडच्या विमानतळावर पोचायला गाडीने तास-दीड तास, मग हवामानाचा अहवाल, उड्डाण आराखडा, हवाई संरक्षणाची परवानगी, विमानाची पाहणी. हा सगळा वेळ धरूनही आपल्याला उडायचं आहे का? उत्तर "हो" असेल तर पुढे वाचावं. "वेळ वाचेल म्हणून" असं असेल तर रेल्वेचं वेळापत्रक पाहिलेलं बरं.

चार आसनं म्हणजे चार माणसं, हा दुसरा गैरसमज. १९७७ ते १९८० च्या दरम्यान बनलेल्या १७२ एन चं उदाहरण घेऊ. त्याचं कमाल वजन २,३०० पौंड, म्हणजे १,०४३ किलो. रेडिओ आणि इतर सामग्री बसवलेलं रिकामं विमान ६७० किलोच्या आसपास भरतं. उरले सुमारे ३७० किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येण्याजोगं इंधन १५० लिटर, वजन जवळपास १०९ किलो. आता उरले २६१. पंचाहत्तर किलोचे चार जण बसवले की झाले ३००. एकही पिशवी न घेता आपण ३९ किलोंनी मर्यादेबाहेर गेलो. मग इंधन कमी भरायचं किंवा एकाला खाली ठेवायचं. प्रत्येक विमानाचा वजनाचा कागद वेगळा असतो. जाहिरातीतली आसनं मोजण्याऐवजी तो कागद मागवावा आणि घरातल्यांची खरी वजनं त्यावर मांडावीत.

मराठवाड्यातल्या वाचकाने या हिशेबात ऊनही धरलं पाहिजे. विमानाला उचलते ती हवा. ती तापली की विरळ होते. पंखाला उचल कमी, प्रोपेलरला पकड कमी आणि इंजिनाला श्वास कमी, तिन्ही एकदम. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमान असताना तिथली हवा ५,८०० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. समुद्रसपाटीला मिनिटाला ७७० फूट चढणारं नवंकोरं १७२ एन तिथे पूर्ण वजनानिशी ५०० च्या आसपास चढेल, आणि जुन्या इंजिनाचं त्याहून कमी. लातूर, नांदेड दोन्हीकडच्या धावपट्ट्या दोन किलोमीटरांहून लांब असल्यामुळे जमीन सोडता येते. खरा प्रश्न पुढच्या चढाईचा असतो. म्हणून आपल्याकडे १५० अश्वशक्तीपेक्षा १८० अश्वशक्तीचं विमान शहाणपणाचं, आणि त्याहून मोठं शहाणपण म्हणजे उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उडणं. दुसऱ्या शहाणपणाला पैसे पडत नाहीत.

प्रकारांची ओळख करून देणारं प्रकरण मी मुद्दाम आटोपशीर ठेवलं आहे. सेसना १५० आणि १५२ ही दोन आसनांची, शिकणाऱ्याची विमानं. १७२ हे सगळ्यांत निर्धोक पहिलं विमान. १८२ जास्त ओझं वाहतं आणि जास्त पितं. पायपरचं चेरोकी आणि त्याचे पुढचे अवतार, पंख खाली असलेले, १७२ च्या तोडीचे. बीचक्राफ्टचं बोनान्झा १९४७ पासूनचं, वेगवान आणि देखणं, पण चाकं आत ओढली जाणारी. ज्याच्या खात्यावर अशा विमानाचे तास नाहीत त्याला विमा कंपनी दारातूनच परतवते किंवा हप्ता असा सांगते की गिऱ्हाईक आपणहून परततं. सिरसचं विमान सगळं विमानच जमिनीवर उतरवणारी हवाई छत्री घेऊन येतं. ती छत्री दहा वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च एखाद्या जुन्या विमानाच्या इंजिनाच्या खर्चाशी स्पर्धा करतो. परवाना ताजा असेल तर पहिलं विमान साधं घ्यावं: चाकं घट्ट बसवलेली, प्रोपेलरचं पातं न वळणारं. गुंतागुंत कमी म्हणजे बिघडणाऱ्या गोष्टी कमी.

या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण कागदांवर आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैलाचा सौदा पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागणार नाही. लाल कंधारी बैल पाहायला आलेला शेतकरी आधी जबडा उघडून दात मोजतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग खांदा चाचपतो, कारण औताला चाललेल्या बैलाचा खांदा हाताला वेगळा लागतो. चार पावलं चालवून खूर कसा पडतो ते बघतो. तासलेली शिंगं, लावलेला रंग, गळ्यातली घुंगरं यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. आणि दाव्याला बांधून पोसलेला गुबगुबीत बैल दिसला की त्याची शंका वाढते, कमी होत नाही. विमानाचा नवा रंग आणि चामड्याची नवी आसनं ही तासलेली शिंगंच समजावीत. दात आहेत ते लॉगबुकात.

सांगाड्याचं, इंजिनाचं आणि प्रोपेलरचं अशी तीन लॉगबुकं पहिल्या दिवसापासून सलग असली पाहिजेत. एखादं हरवलेलं असेल तर किंमत उतरते, आणि ती उतरलीच पाहिजे. त्यात वाचायचं काय? आधी तासांची चाल. "ओव्हरहॉलनंतर फक्त ५०० तास" अशी जाहिरात वाचून लोक हुरळतात. ओव्हरहॉल वीस वर्षांपूर्वीचा असेल तर ते विमान वर्षाला सरासरी २५ तास उडालं, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन तास. शेजारच्या जाहिरातीत आठ वर्षांत १,५०० तास झालेलं इंजिन स्वस्तात असतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. लायकॉमिंगच्या या इंजिनांना दोन ओव्हरहॉलमधलं अंतर २,००० तास किंवा बारा वर्षं, जे आधी होईल ते, असं कारखाना सांगतो. अमेरिकेत खासगी वापरासाठी ही शिफारस असते. भारतात मंजूर झालेल्या देखभाल कार्यक्रमात जे लिहिलं असेल ते पाळावंच लागतं. पाचशे तासांचं इंजिन वर्षांच्या हिशेबाने कधीच संपलेलं असतं.

बारा वर्षांचं हे बंधन उगाच नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो. इंजिन बंद झालं की तेल ओघळून खाली जातं आणि आठवड्याभरात कॅमशाफ्ट कोरडा पडतो. हवेतली ओल त्यावर बसते, बारीक गंज धरतो. पुढच्या वेळी इंजिन सुरू होताच तो गंज खरवडला जाऊन पोलादाचा वरचा थर फाटतो, आणि मग प्रत्येक तासाला थोडा कीस तेलात उतरतो. जुहूच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं, नांदेडच्या कोरड्या हवेत सावकाश. पण आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हौशी विमानं जागची हलत नाहीत, हे विसरू नये. मालक सांगतो, "दर आठवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेवतो." ऐकायला बरं वाटतं, पण त्याने उलट नुकसान होतं. दहा मिनिटांत तेल पुरतं तापत नाही, ज्वलनातलं पाणी तेलातच राहतं. तेल तापून पाणी उडून जायला विमान तासभर हवेत न्यावं लागतं. लॉगबुकात ती उड्डाणं दिसली पाहिजेत.

इंजिनाची तपासणी शिकायची तर सिलिंडरची गळती तपासताना एकदा जवळ उभं राहावं. इंजिन गरम असताना स्पार्क प्लग काढतात, पिस्टन वरच्या टोकाला आणतात आणि प्लगच्या भोकातून ८० पौंड दाबाची हवा सोडतात. एक माणूस प्रोपेलर दोन्ही हातांनी घट्ट धरून असतो, कारण तो झटक्याने फिरला तर हात मोडेल. सिलिंडरात टिकलेला दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा ७६ वर थांबला तर सिलिंडर उत्तम. ६० च्या खाली गेला तर प्रश्न. पण नुसता आकडा लिहून घेऊन चांगला मेकॅनिक थांबत नाही, तो वाकून कान लावतो. सायलेन्सरच्या नळीतून फुस्स असा आवाज येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतोय. कार्ब्युरेटरच्या बाजूने येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह बसत नाही. तेल भरायचं झाकण उघडल्यावर आतून वारा लागत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग तो तेलाचा फिल्टर उघडून आतला कागद पंख्यासारखा पसरतो आणि लोहचुंबक फिरवतो. चुंबकाला चिकटणारा चकचकीत कीस दिसला की सौदा तिथेच थांबवावा, किमतीची घासाघीस करत बसू नये.

इंजिनाचं पूर्ण नाव अक्षरांसकट वाचावं, असा आग्रह मी पुस्तकभर धरला आहे. १७२ एन मध्ये बसवलेलं ओ-३२०-एच२एडी हे इंजिन कॅमशाफ्ट आणि लिफ्टरच्या झिजेसाठी बदनाम झालं. १९८१ च्या १७२ पी मध्ये सेसनाने ते बदललं. बाहेरून दोन्ही विमानं सारखीच दिसतात. नीट वापरलेलं, नियमित तेल बदललेलं एच२एडी चांगलं चालतं, पण उभं राहिलेलं एच२एडी घेण्याचं धाडस मी कुणाला सुचवणार नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. "उडतं ते चांगलं" हा नियम सांगाड्याला जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेत डेटोना बीच इथे ४ एप्रिल २०१८ रोजी एका प्रशिक्षण संस्थेच्या पायपर ॲरो विमानाचा पंख हवेतच तुटला. शिकाऊ वैमानिक आणि परीक्षक दोघंही गेले. ते विमान उभं राहून कुजलेलं नव्हतं, उलट हजारो तास आणि अगणित उतरणी झालेलं होतं. पंखाच्या मुख्य तुळईला, म्हणजे स्पारला, बोल्टच्या भोकापाशी थकव्याची चीर गेली होती. त्यानंतर या घराण्यातल्या कित्येक विमानांना विद्युतप्रवाहाने चीर शोधणाऱ्या एडी करंट पद्धतीने ती भोकं तपासणं सक्तीचं झालं. म्हणून शिकवणीत राबलेल्या विमानाचे तास वाचताना ते कसे झाले हेही वाचावं. दोनशे किलोमीटरचं एक उड्डाण आणि धावपट्टीवर आदळणाऱ्या दहा उतरणी, लॉगबुकात दोन्हींचा एकच तास लिहिला जातो.

असे सक्तीचे आदेश, ज्यांना सगळे 'एडी' (एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह) म्हणतात, प्रत्येक प्रकाराच्या विमानाला दहा-वीस तरी असतात. त्यांचा तक्ता, प्रत्येकासमोर तारीख आणि सही, हा सौद्यातला सगळ्यांत बोलका कागद. सेसनाच्या आसनांचे रूळ हे याचं साधं उदाहरण. रुळाची भोकं झिजली की आसनाची खीळ नीट बसत नाही. उड्डाणाच्या वेळी नाक वर होताच आसन वैमानिकासह मागे सरकतं, हात आपसूक कंट्रोलला लटकतात आणि नाक आणखी वर जातं. या एका झिजलेल्या भोकापायी माणसं गेली आहेत. त्यामुळे १९८७ मध्ये हे रूळ नियमित तपासण्याचा आदेश निघाला. पाहायला गेलेल्या विमानात बसावं, आसन पुढे घ्यावं, खीळ लावावी आणि पाय रोवून जोरात मागे रेटावं. यासाठी मेकॅनिक लागत नाही.

बाकी तपासणी मात्र मेकॅनिकचीच. तोही त्या विमानाची नेहमी देखभाल करणारा नसावा. स्वतःच्याच सहीवर बोट ठेवायला कुणाचं मन धजत नाही. पंखाखालची झाकणं उघडून आत बॅटरी मारावी. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर गंज, आणि शेपटीच्या पोकळीत गवत, चिंध्या, लेंड्या दिसल्या तर उंदीर. उंदराचं मूत धातू खातं, आणि शेतालगतच्या हँगरमध्ये उभ्या विमानात त्याचं घर हमखास सापडतं. अमेरिकेत घेणाऱ्याने ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून विमानावर कुणाचं कर्ज नाही ना, याचाही शोध काढावा. विमान तुमच्या दारात आणि जप्तीचा हक्क दुसऱ्याचा, अशी गत होऊ नये.

भारतात घेणाऱ्याच्या वाटेत आणखी तीन गोष्टी आहेत: भाग, इंधन, माणूस. भागांचं महत्त्व सांगायला १९३० सालची आगाखान स्पर्धा पुरेशी आहे. इंग्लंड आणि भारत यांच्यात एकट्याने उडायचं होतं. जे.आर.डी. कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली, तर अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला! जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि शर्यत अस्पीने जिंकली. पुढे तोच भारतीय हवाईदलाचा प्रमुख झाला. स्पर्धेत असा उमदा प्रतिस्पर्धी भेटतो. एरवी एका छोट्या भागासाठी विमान तीन महिने उभं राहतं, आणि उभ्या विमानाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. म्हणून आपल्या परिसरात जे प्रकार उडतात तेच घ्यावेत. नागपूर, बारामती, शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थांत सेसना आहेत, गोंदियाजवळ बिरसीला डायमंड. तिथला इंजिनिअर ज्या विमानावर सही करू शकतो, तेच विमान तुमचं.

इंधनाचंही तसंच. पिस्टन इंजिनाला लागणारं शिसेयुक्त ॲव्हगॅस भारतात कित्येक वर्षं पूर्णपणे आयातीवर होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीतून बाजारात आणलं, पण म्हणून ते प्रत्येक विमानतळावर मिळतं असं नाही. जेट विमानांच्या इंधनावर चालणारं डिझेल इंजिन घेतलं तर ही अडचण सुटते. मात्र त्या इंजिनाचे भाग महाग, आणि हात लावू शकणारे कारागीर कमी. कुठली अडचण आपल्याला सोसते, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आयात करणाऱ्याने कायद्याच्या प्रकरणाकडे सावकाश वळावं. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. जुनं विमान देशात आणायला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आधी लागते, आणि ती देताना वय व कागद दोन्ही पाहिले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे. नियम आणि दर बदलत राहतात, म्हणून मी तिथे आकड्यांपेक्षा क्रम दिला आहे: कुठला कागद आधी, कुठला नंतर, आणि कशाच्या आधी एक रुपयाही देऊ नये.

खर्चाचं प्रकरण वाचून काहीजण पुस्तक मिटतील, आणि मिटावंच. विकत घेण्याची रक्कम हा खर्चातला एकदाच होणारा भाग. हँगर, विमा, वार्षिक तपासणी हे विमान उडो न उडो द्यावंच लागतं. समजा हा ठरलेला खर्च वर्षाला ६ लाख आहे. वर्षात ५० तास उडालात तर तासाला १२,००० रुपये नुसते उभं राहण्याचे. १५० तास उडालात तर ४,०००. इंधन, तेल आणि पुढच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवायची रक्कम यावर वेगळी. एकट्याने १५० तास उडणं नोकरी-धंदा सांभाळून जमत नाही. म्हणून तिघा-चौघांची भागीदारी मला सगळ्यांत शहाणी वाटते. खर्च वाटला जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विमान उभं राहत नाही. भागीदारीचा करार कसा लिहावा, कुणी बाहेर पडला तर काय, कुणाच्या हातून नुकसान झालं तर काय, याचा मसुदा शेवटी जोडला आहे. मैत्री कितीही जुनी असली तरी तो सह्यांनिशी करावा.

दोन इंजिनांची विमानं, हेलिकॉप्टर आणि मायक्रोलाइट यांना या पुस्तकात जागा नाही. विमानांच्या किमतींचा तक्ताही मी दिलेला नाही. छापून होईपर्यंत तो शिळा झाला असता, आणि किंमत सालावरून ठरवायची सवय मोडावी हाच तर हेतू आहे. ज्या मेकॅनिकांनी मला झाकणाआड डोकावू दिलं, ज्या विमानमालकांनी आपली लॉगबुकं पानोपान उलगडून दाखवली, आणि ज्या दोस्तांनी विमान पाहायला जाताना गाडीत पाच-पाच तास हीच चर्चा ऐकून घेतली, त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांच्या इच्छेनुसार नावं देत नाही.

एक गोष्ट घेणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. आज जो घेतो तो कधीतरी विकणार असतो. तुमच्या काळातली पानंही त्याच लॉगबुकात जाणार आहेत, आणि वीस वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस ती तुम्ही आज वाचता तशीच संशयाने वाचणार आहे. तेव्हा चांगलं विमान मिळालं की तेल वेळेवर बदला, झालेलं नुकसान न लपवता लिहा, पावसाळ्यात उघडीप मिळाली की तासभर वर जाऊन या. एवढं जमणार असेल तर सरळ पहिल्या प्रकरणाला लागावं, आणि ते संपेपर्यंत एकही जाहिरात उघडू नये.

लेखक
मुखेड, जि. नांदेड